परक्या छपराखालचे भजन



ज्या भिंतींमध्ये शंभर वर्षे दुसऱ्या धर्माची प्रार्थना झाली, त्याच भिंतींमध्ये आपण टाळ घेऊन उभे राहिलो, तर ते भजन देवाला पोचते का? प्रश्न कीर्तनात चालवायला बरा आहे, पण तो आता नुसता कीर्तनातला राहिलेला नाही. अमरावती-अकोल्याच्या कितीतरी घरांतली मुलेमुली आज परदेशात आहेत. आषाढीला तिकडून फोटो येतात. भाड्याने घेतलेला चर्चचा हॉल, टेबलावर पांढरे वस्त्र, त्यावर विठोबा-रखुमाई, समोर वीस-पंचवीस माणसे आणि एक मृदंग. मागच्या भिंतीवर क्रूस तसाच दिसतो. घरची आजी फोटोला हात जोडते आणि मग हळूच विचारते, "काहून बापा, ते देऊळ थोडंच आहे?"

आजीचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. त्याच्या पोटात आणखी प्रश्न आहेत. जागेला पावित्र्य येते ते कशाने? एकदा आले की ते कायमचे राहते का? आणि एकाने सोडलेली जागा दुसऱ्याने घेतली, तर त्यात पहिल्याचा काही अपमान होतो का? याचे उत्तर शोधायला आज आपल्या संप्रदायाबाहेर, देशाच्याही बाहेर जाऊ. सोबत राहा. परत पंढरीच्याच वाटेला लागायचे आहे.

न्यूयॉर्क शहरात मॅनहॅटन नावाचे बेट आहे. त्याच्या दक्षिणेकडच्या टोकाला, पूर्वेच्या अंगाला, लोअर ईस्ट साइड ही वस्ती. बाहेरून आलेल्या गरीब माणसांची ही जुनी उतरण्याची जागा. तिथे १८२६ साली मेथडिस्ट पंथाच्या ख्रिस्ती लोकांनी एक चर्च बांधले. साधे, दगडी, उतरत्या छपराचे. पुढे वस्ती बदलत गेली. जुनी माणसे दुसरीकडे गेली आणि पूर्व युरोपातून यहुदी माणसे बोटी भरभरून येऊ लागली. त्यांत बियालिस्तोक या गावचे लोक होते. आज ते गाव पोलंडमध्ये आहे. तेव्हा तिथे रशियाच्या झारचे राज्य होते. दारिद्र्य होते, आणि यहुद्यांवर जमाव चालून जाण्याची भीती कायमची होती. या बियालिस्तोककरांनी १९०५ मध्ये ते चर्च विकत घेतले आणि त्याचे सिनेगॉग, म्हणजे यहुद्यांचे प्रार्थनागृह केले. आज त्याला बियालिस्तोकर सिनेगॉग म्हणतात. आपल्याकडे एखाद्या गावच्या मंडळींनी मुंबईत चाळीतली खोली घेऊन तिला गावाचे नाव द्यावे, तसेच हे.

आत काय बदलले? क्रूस गेला. त्यांच्या प्रार्थनागृहात मूर्ती नसते, चित्रातही देव नसतो. आपल्या वऱ्हाडातल्या माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये. गुरुकुंज मोझरीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी घालून दिलेली सामुदायिक प्रार्थना ज्यांनी केली आहे, त्यांना समोर मूर्ती नसतानाही हात कसे जुळतात हे ठाऊक आहे. सिनेगॉगमध्ये समोर एक कपाट असते. त्यात तोरा ठेवतात. तोरा म्हणजे चामड्याच्या गुंडाळीवर हाताने लिहिलेला त्यांचा मूळ धर्मग्रंथ. प्रार्थना करताना तोंड जेरुसलेमकडे करायचे. न्यूयॉर्कहून ती दिशा पूर्व, आपल्या कोकणातून पश्चिम.

भिंतींवर पुढे, १९३० नंतरच्या मंदीच्या काळात, बारा राशींची चित्रे रंगवली गेली. त्यांतली कर्क रास बघण्यासारखी आहे. खेकड्याच्या जागी चित्रकाराने झिंग्याच्या जातीचा मोठा जलचर काढून ठेवला आहे. यहुद्यांना खेकडाही वर्ज्य आणि झिंगाही वर्ज्य, तेव्हा बिचाऱ्याने दोन्ही जवळून पाहिले नसणार.

पण मला त्या इमारतीतली सर्वांत मोलाची वाटते ती दुसरीच गोष्ट. वरच्या सज्जात, कोपऱ्यातल्या भिंतीत एक लहानसे दार आहे. त्यामागून शिडी माळ्यावर जाते. असे सांगतात की इमारत चर्च होती त्या काळात, दक्षिणेकडच्या मळ्यांतून पळून आलेल्या कृष्णवर्णी गुलामांना या माळ्यावर लपवून ठेवत. नव्या मालकांनी ते दार बुजवले नाही. ती आठवण दुसऱ्या धर्माच्या माणसांची, पुण्यही त्यांचेच. तरी सिनेगॉगची मंडळी ती गोष्ट आजही पाहुण्यांना अभिमानाने सांगतात. इमारत घेतली तेव्हा तिच्यातले पूर्वीचे चांगलेही त्यांनी सांभाळायला घेतले. घर घेताना आपण फक्त सातबारा पाहतो. इथे व्यवहाराबरोबर एक ऋणही आले, आणि ते त्यांनी मानले.

आता त्यांच्या शास्त्रात काय आहे ते पाहा, कारण हा प्रश्न त्यांनाही पडला होता. दुसऱ्यांच्या उपासनेचे घर आपल्या प्रार्थनेला चालेल की नाही, यावर त्यांच्या धर्मपंडितांत वाद झाले. काहींनी नको म्हटले, काहींनी चालेल म्हटले. पण त्याहून मला विचार करायला लावतो तो त्यांच्या मिश्ना या प्राचीन ग्रंथातला विक्रीचा नियम. गावचा चौक विकला तर त्या पैशातून प्रार्थनागृह घ्यावे. प्रार्थनागृह विकले तर ग्रंथाचे कपाट घ्यावे. कपाट विकले तर ग्रंथाची वस्त्रे, वस्त्रे विकली तर इतर पोथ्या, पोथ्या विकल्या तर तोरा. उलटे चालायचे नाही. म्हणजे देवाच्या कामातला पैसा वरच्या पायरीला चढवायचा, खाली उतरवायचा नाही. आणि दुसरा एक नियम: नवे प्रार्थनागृह उभे राहिल्याशिवाय जुने पाडू नये. आपल्याकडे जीर्णोद्धाराच्या नावाने चांगले लाकडी खांबांचे मंदिर पाडून ठेवतात आणि मग चार-चार वर्षे वर्गणी गोळा होत नाही, देव पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळा काढतो. हा नियम आपल्या ट्रस्टच्या बैठकीत कुणी वाचून दाखवायला हरकत नाही.

या पायऱ्यांत इमारत किती खाली आहे, हे लक्षात आले का? चौकाच्या फक्त एक पायरी वर. कपाट तिच्या वर, फडकेही तिच्या वर. आणि त्या इमारतीत पूर्ण सामुदायिक प्रार्थना व्हायला जुन्या रिवाजाने दहा प्रौढ पुरुष जमावे लागतात. नऊ असले तर मुख्य वचने म्हणता येत नाहीत. चर्च पैसे देऊन विकत मिळते. दहावा माणूस विकत मिळत नाही, तो पायांनी चालत यावा लागतो.

लंडनमध्ये ब्रिक लेन नावाच्या रस्त्यावर आणखी एक इमारत आहे. तिची कथा मी थोडक्यात सांगतो. फ्रान्समधून छळ सोसून पळून आलेल्या ह्युगनो ख्रिस्ती विणकरांच्या वस्तीने १७४३ मध्ये ती चर्च म्हणून बांधली. १८०९ मध्ये यहुद्यांना ख्रिस्ती करण्यासाठी निघालेल्या एका संस्थेने ती घेतली. त्यांना फारसे यश आले नाही. १८१९ पासून तिथे मेथडिस्ट. १८९८ मध्ये ती सिनेगॉग झाली. ज्या घरात यहुद्यांना ख्रिस्ती करायचे ठरले होते, त्याच घरात यहुदी आपली प्रार्थना म्हणू लागले. देवाच्या घरीही विनोद चालतो. पुढे यहुदी कुटुंबे दुसरीकडे राहायला गेली, वस्तीत बंगाली मुसलमान आले, आणि १९७६ पासून ती मशीद आहे. भिंतीवरचे १७४३ सालचे छायाघड्याळ तेवढे जागेवरच आहे. त्याच शहरात इस्लिंग्टन भागात १९७० मध्ये स्वामीनारायण संप्रदायाने एका वापरात नसलेल्या चर्चमध्ये आपले मंदिर सुरू केले होते. तेव्हा तुमच्या मुलांच्या फोटोत जे दिसते, ते काही नवे नाही.

म्हणाल, हे सारे लांबचे. मग जवळ या, पुण्यात या.

पुण्याच्या कॅम्पात मोलेदिना रस्त्यावर लाल विटांची एक इमारत आहे, उंच मनोऱ्याची, मनोऱ्यात घड्याळ. नवखा माणूस तिला चर्चच समजतो, कारण बांधणी अगदी विलायती चर्चसारखी आहे. ते सिनेगॉग आहे, ओहेल डेव्हिड. बगदादहून आलेले व्यापारी डेव्हिड ससून यांनी ते बांधायला घेतले, १८६७ मध्ये पुरे झाले. ससून रुग्णालय ज्यांच्या देणगीतून उभे राहिले, तेच हे ससून. ते १८६४ मध्ये वारले. त्यांची कबर याच आवारात आहे. आणि पुणेकर या इमारतीला काय म्हणतात? लाल देऊळ.

आता मुंबईत चला. मशीद बंदरापाशी सॅम्युअल स्ट्रीटवर मुंबईतले सर्वांत जुने सिनेगॉग आहे, १७९६ सालचे. कंपनीच्या पलटणीतले सामाजी हसाजी दिवेकर यांनी ते बांधले. टिपू सुलतानाच्या कैदेतून जिवंत सुटलो तर देवाचे घर बांधीन असा त्यांचा नवस होता, असे त्यांच्या समाजात सांगतात. हे दिवेकर आपले मराठी यहुदी, बेने इस्रायल. ते आपल्या प्रार्थनागृहाला मराठीत काय म्हणत? मशीद! मशीद बंदर हे नाव याच 'जुन्या मशिदी'वरून पडले असेही अनेक जण मानतात.

बघा माउली, यहुद्यांचे घर, दिसायला चर्च, पुण्यात नाव देऊळ, मुंबईत नाव मशीद. आणि हे नाव ठेवताना कुणाचे डोके फुटले नाही. लोकांनी आपापल्या बोलीत जो शब्द आदराचा होता, तो त्या घराला दिला.

या बेने इस्रायल मंडळींची ओळख वारकऱ्याला असलीच पाहिजे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटले, सात पुरुष आणि सात बाया वाचल्या, त्यांचे आम्ही वंशज, अशी त्यांची परंपरा. कोकणात ते तेलाच्या घाण्याच्या धंद्यात पडले. शनिवार हा त्यांचा विश्रांतीचा वार, त्या दिवशी घाणा बंद. म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. आपली एकादशी जशी मोडायची नाही, तसा त्यांनी शनिवार मोडला नाही. ग्रंथ विसरले, भाषा विसरली, वार धरून ठेवला. तुकोबारायांचे अभंग लिहून ठेवणारे संताजी जगनाडे तेलीच होते, हे तुम्हाला सांगायला नको. घाण्यावर बसलेल्या माणसाला देव सापडतो याचा पुरावा आपल्याकडे आधीच आहे.

आणि यांनी कीर्तन केले! १८८० च्या सुमारास मुंबईत बेने इस्रायल मंडळींनी मराठी कीर्तनाची रीत उचलली आणि अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने मराठी पदांतून लावली. हरिदासी कीर्तनाचा साज, कथा त्यांच्या ग्रंथातली. म्हणजे न्यूयॉर्कच्या यहुद्यांनी ख्रिस्ती लोकांचे छप्पर घेतले. आपल्या यहुद्यांनी आपल्याकडून छपराहून मोठी वस्तू घेतली, कीर्तनाचा साचा घेतला, आणि त्यात आपला देव बसवला. कुणा हरिदासाचे त्यात काही कमी झाले का? नारदाची गादी दुसऱ्याने वापरली म्हणून झिजत नाही.

इथपर्यंत सगळे गोड आहे. पण मला कडू भागाकडे यायचे आहे, नाहीतर हे चिंतन पाहुणचाराचे गुळचट गोडवे होईल.

त्या बियालिस्तोक गावाचे पुढे काय झाले? तिथे यहुद्यांनी स्वतः बांधलेले मोठे सिनेगॉग होते, मोठ्या घुमटाचे. २७ जून १९४१ ला जर्मन सैन्य गावात शिरले. त्यांनी शेकडो यहुदी माणसे त्या सिनेगॉगमध्ये कोंडली आणि इमारतीला आग लावली. आपल्या हातांनी, आपल्या गावात, आपल्या देवासाठी बांधलेले घर जळाले. समुद्रापलीकडे परक्यांकडून विकत घेतलेले जुने चर्च राहिले, आणि बियालिस्तोक हे नाव तिथे प्रार्थनेत घेतले जात राहिले. पोलंडमध्येच पोझनान शहरात दुसरे सिनेगॉग होते. १९४० मध्ये जर्मनांनी त्याचा पोहण्याचा तलाव केला. युद्ध संपले तरी तो तलावच राहिला. प्रार्थना करणारे परत आलेच नाहीत.

आता सांगा, न्यूयॉर्कला चर्चचे सिनेगॉग झाले आणि पोझनानला सिनेगॉगचा तलाव झाला. दोन्हीकडे भिंतींचा उपयोगच बदलला. मग एक ऐकून मन शांत का होते आणि दुसरे ऐकून घशाखाली घास का उतरत नाही? तलाव म्हणून नव्हे. पोहणे काही पाप नाही. पहिल्या ठिकाणी देणाऱ्याने दिले होते, मोबदला घेऊन, राजीखुशीने. दुसऱ्या ठिकाणी देणाराच मारून टाकला होता. पावित्र्याचा प्रश्न आपण नेहमी घेणाऱ्याच्या बाजूने विचारतो: हे घर माझ्या पूजेला चालेल का? आधी विचारायचे ते देणाऱ्याच्या बाजूने: त्याने दिले का? हिसकावलेल्या जागेत कितीही मंत्र म्हटले, कितीही अभिषेक केले, तरी त्या जागेचा पहिला माणूस दाराबाहेर उभाच असतो. हे कुठल्या एका धर्माला लागू नाही. ज्याच्या हातात बळ आले त्या प्रत्येकाला लागू आहे, आपल्यालाही.

राजीखुशी हा शब्दही तपासून घ्यावा लागतो. भीतीने विकलेले घर कागदावर विकत घेतलेलेच दिसते. शेजारी नको आहोत हे कळल्यावर माणूस मिळेल त्या भावात विकून जातो. आपल्या बेने इस्रायल मंडळींवर ती वेळ इथे आली नाही, ही महाराष्ट्राच्या खात्यावरची मोठी जमा आहे. १९४८ नंतर बहुतेक जण इस्राएलला गेले ते आपल्या इच्छेने गेले, आणि तिकडेही मराठी घेऊन गेले. मागे अलिबागची इस्राएल आळी राहिली, रेवदंडा, पनवेल, पेण इथली सिनेगॉग राहिली. तिथे आता प्रश्न दहाव्या माणसाचा असतो.

आता आपल्यातला कुणी जाणता उठून म्हणेल, "महाराज, जागेला एवढेही महत्त्व नसेल तर मग आम्ही महिनाभर चालत पंढरपूरला कशाला जातो? घरीच विठ्ठल म्हणू." शंका रास्त आहे. कौंडण्यपूरहून रुक्मिणीमातेची पालखी वर्धेच्या काठावरून निघते, शेगावहून गजानन महाराजांची निघते, अकोल्यावरून जाते. एवढे पाय झिजवायचे ते त्या एका जागेसाठीच ना?

जागेसाठीच. पण त्या जागेची आपलीच कथा काय सांगते ते आठवा. पुंडलिकाने देवाला बसायला काय दिले? देऊळ बांधून दिले नाही. हाताशी होती ती वीट फेकली, आणि तीसुद्धा आईवडिलांच्या पायावरचा हात न काढता. देव उभा राहिला तो विटेवर. देऊळ मागून आले. पुढे मूर्ती विजयनगरला नेली गेली आणि एकनाथ महाराजांचे पणजोबा भानुदास महाराजांनी ती परत आणली, असे परंपरा सांगते. हंपीला जाऊन या. विठ्ठलाचे ते मंदिर दगडी कोरीवकामात साऱ्या देशात गाजलेले आहे, पाहायला माणसे जगभरातून येतात, आणि गाभारा रिकामा आहे. तिथे शिल्प आहे, वारी नाही. पंढरपूरला जे आहे ते शतकानुशतके येत राहिलेल्या पायांनी केले आहे. आपण जागेकडे जातो हे खरे, पण आपण जातो म्हणूनही ती जागा आहे. यहुद्यांचा दहावा माणूस आणि आपला वारकरी हे एकाच कामाला लागलेले आहेत.

शिवाय वारकऱ्याला परक्या छपराचे वावडे असणे कसे परवडेल? वाटेवर दिंडीचा मुक्काम कुठे पडतो? शाळेच्या वर्गात पडतो, मंगल कार्यालयात पडतो, जिनिंगच्या आवारात पडतो, कुणाच्या कापूस भरायच्या खोलीत पडतो. रात्री फळ्यावरच्या गणिताखाली विणेकरी उभा राहतो आणि हरिपाठ होतो. पहाटे काकडा होतो, मग झाडून, सडा टाकून वर्ग परत केला जातो आणि अकरा वाजता पोरे पाढे म्हणतात. त्या एका रात्रीपुरता तो वर्ग देऊळ नव्हता असे म्हणायला कुणाची जीभ रेटेल? परदेशातल्या मुलांनी काही वेगळे केलेले नाही. त्यांनी वाटेवरचा मुक्काम केला आहे. हॉल झाडून परत करा एवढे त्यांना सांगितले म्हणजे पुरे. बाकी ती जाणती आहेत.

आणि देऊळ असूनही देऊळ नसणे हे काय असते, तेही आपल्याला पंढरपुरानेच शिकवले. मूर्ती खरी, क्षेत्र खरे, परंपरा खरी, आणि चोखोबा बाहेर. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून पंढरपुरात उपोषण करावे लागले, त्यानंतर दार उघडले. परक्या धर्माची प्रार्थना होऊन गेलेल्या भिंती बाटलेल्या, असे म्हणणाऱ्याने आधी हे सांगावे की आपल्या भिंती त्या सगळ्या शतकांत शुद्ध होत्या का.

आपल्या वऱ्हाडाच्या एका माणसाने या सगळ्याचे उत्तर कृतीने देऊन ठेवले आहे. शेंडगावचे गाडगेबाबा. त्यांनी हाताखालून लाखो रुपये गेले असताना देऊळ बांधले नाही, धर्मशाळा बांधल्या. पंढरपुरात येऊन मंदिरात न जाता वाळवंट झाडत आणि कीर्तन करीत. ज्यांना पंढरपुरात कुणी ओसरीवर टेकू देत नव्हते, त्यांच्यासाठी त्यांनी चोखामेळ्याच्या नावाची धर्मशाळा उभी केली. आणि १९४९ साली ती धर्मशाळा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली, मुलांच्या शिक्षणासाठी. या देण्याकडे नीट पाहा. पंढरपुरातली इमारत, चंद्रभागेच्या गावातली, वारकऱ्यांच्या मुक्कामाची. ती त्यांनी अशा नेत्याच्या संस्थेला दिली ज्याने १९३५ मध्येच येवल्याला जाहीर केले होते की मी हिंदू म्हणून मरणार नाही. गाडगेबाबांना हे माहीत नव्हते काय? माहीत होते. त्यांनी पाहिले ते एवढेच की इथे पोरे शिकतील. मघाच्या त्या मिश्नातल्या पायऱ्या आठवा: मुक्कामाची जागा विद्येच्या जागेत गेली. इमारत एक पायरी वर चढली. बाबांनी मिश्ना वाचलेला नव्हता, त्यांना अक्षरही येत नव्हते.

म्हणून आता उलटा प्रश्न विचारतो, आणि तो टाळू नका. लंडनच्या चर्चमध्ये मंदिर झाले हे ऐकून आपल्याला बरे वाटते. ख्रिस्ती लोकांचे मन मोठे, असेही आपण म्हणतो. पण वेळ आपल्यावर आली तर? वेळ येते आहे. आपल्या अमरावती-अकोला जिल्ह्यांत अशी गावे आहेत जिथली पिढी पुण्याला गेली, नापिकीने गेली, कर्जाने गेली, नोकरीने गेली. विठ्ठल मंदिर आहे, सभामंडप आहे, फरशीवर देणगीदारांची नावे आहेत, आणि काकड्याला दोन म्हातारे. तिसरा आजारी. उद्या दोघेही थकले आणि शेजारच्या वस्तीतल्या माणसांनी, जी कदाचित आपल्या देवाची नाहीत, येऊन विचारले की हा सभामंडप आम्हाला पोरांच्या अभ्यासाला द्या, किंवा आमच्या प्रार्थनेला द्या, तर आपण काय करू? मूर्ती सन्मानाने दुसऱ्या मंदिरात नेऊन, झाडून-पुसून किल्ली देऊ? की कुलूप लावून कोर्टात जाऊ, आणि वटवाघळांना देऊ?

सोपे नाही, मी जाणतो. आजोबांनी तिथे वीणा घेतलेली असते. त्या मेथडिस्ट म्हाताऱ्यांनाही १९०५ मध्ये सोपे गेले नसेल. त्यांच्याही आयांनी त्या बाकांवर बसून प्रार्थना केली होती. माझे मत विचाराल तर, द्यायला हवे. पण आधी ते दोन म्हातारे एकटे पडू नयेत हे पाहायला हवे. दान देण्याआधी दहावा माणूस व्हायची संधी आपल्याला असते, आणि बहुतेक वेळा आपण ती घेत नाही.

तेव्हा या दिवाळीला गावी जाल, तर कार्तिकीच्या आधी एका पहाटे मंदिरात जा. किल्ली सध्या कोणाकडे असते, काकडा कोण लावतो, किती जण येतात, एवढे विचारून घ्या. जमल्यास त्या दिवशी टाळ तुम्ही धरा.